शोभाताईच्या रिपोर्टचं दुसरं पान

प्रज्ञाचा फोन आला तेव्हा सकाळचे सव्वासहा वाजत होते आणि मी भोसरीच्या पुलाखाली कंपनीच्या बसची वाट बघत उभी होते. "मावशी, आई गेली… पहाटे," एवढंच ती म्हणाली. मी "बरं" म्हणाले. खरंच, बरं म्हणाले. शिफ्ट बदलली आहे असं कुणी सांगितल्यावर म्हणावं तसं. मग बस आली, पायांच्या सवयीनं मी चढले आणि डावीकडच्या चौथ्या सीटपाशी जाऊन उभी राहिले. तिथं खिडकीशी शोभाताई बसायची. ती माझ्या आधी, कासारवाडीला चढायची आणि शेजारच्या जागेवर डब्याची पिशवी ठेवून ती माझ्यासाठी धरायची. गेले पाच महिने ती बसला येत नव्हती, तरी खिडकीच्या त्या जागेवर कुणी बसत नसे. मी माझ्या जागेवर बसले, पिशवी तिच्या जागेवर ठेवली, आणि मोशी ओलांडल्यावर मला कळलं की प्रज्ञानं मला नेमकं काय सांगितलं होतं. ड्रायव्हरला बस थांबवायला लावली, उतरले आणि उलट्या बाजूची रिक्षा धरली.

त्याला आता सहा आठवडे झाले. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी तिच्याबद्दल काही लिहावं असं मनात होतं, पण रोज बसायचे आणि उठायचे. कारण तिच्याबद्दल लिहायचं तर मला माझ्याबद्दलही लिहावं लागतं, आणि तो भाग फारसा चांगला नाही. तो वगळून चार गोड आठवणी लिहिता आल्या असत्या. पण माणसानं तपासणीत आयुष्य घालवलं, आणि त्याच्यावरचा लेखच न तपासता सोडून दिला, तर ती मला झोपू देणार नाही.

आमची कंपनी अ‍ॅल्युमिनियम वितळवून, साच्यात दाबून गाड्यांचे सुटे भाग करते. आधी भोसरीत होती, नंतर चाकणला मोठ्या शेडमध्ये गेली. एकोणीस वर्षांपूर्वी धाराशिवकडून लग्न होऊन आलेली मी पहिल्या दिवशी तपासणीच्या टेबलाशी उभी राहिले तेव्हा शोभा गायकवाड तिथं आठ वर्षं जुनी होती. नवरा कारखान्यातल्या अपघातात गेलेला, पदरात लहान मुलगी, प्रज्ञा. टेबलावर ट्यूबलाइटचा पांढरा झोत, समोर पंपाच्या झाकणांनी भरलेली क्रेट, आणि मला एकही दोष दिसेना. सगळी झाकणं सारखीच चकचकीत. ती म्हणाली, "डोळ्यांनी नंतर बघ. आधी बोटानं बघ." तिनं माझं बोट धरून एका झाकणाच्या कडेवरून फिरवलं. एका ठिकाणी ते किंचित अडलं. धातू थंड होताना आत हवा अडकली की बारीक पोकळी राहते, तिला आमच्याकडे ब्लो होल म्हणतात. "आता हा टाकायचा?" मी विचारलं. "असं कसं टाकायचं?" ती म्हणाली. "भोक सगळ्यांत असतं. कुठं आहे, कडा कशी आहे, आत काय आहे, ते बघायचं. काही भोकं जन्मभर काही करत नाहीत. एखादं असतं, ते इंजिन फोडतं." तिच्या एप्रनच्या खिशात पिवळ्या रंगाचा मार्कर असायचा. संशय आला की त्या जागेभोवती ती पिवळा गोल काढायची आणि भाग बाजूला ठेवायची. बघून झालेल्या क्रेटच्या चिठ्ठीवर सगळे 'ओके' लिहायचे, ती मराठीत 'बघितलं' लिहायची. साहेब लोक हसायचे. ती म्हणायची, ओके आहे की नाही ते गाडीत बसल्यावर कळेल, मी बघितलंय एवढं मी सांगू शकते.

आमच्याकडे सगळा माल तपासत नाहीत, तेवढा वेळ कुणाकडे नसतो. क्रेटमधले पाच नग उचलायचे, पाचही चांगले निघाले की आख्खा लॉट पास. ही जगभरची पद्धत आहे, त्यात चूक काही नाही. पण शोभाताई वरचे पाच कधीच उचलायची नाही. कोपरापर्यंत हात क्रेटमध्ये घालायची आणि तळातले काढायची. एकदा ट्रक दारात उभा, डिस्पॅचचे साहेब घाईला आलेले, "बाई, पाच बघितले ना? मग?" ती म्हणाली, "वरचे पाच तुमच्या माणसानं मला दाखवायला ठेवलेत साहेब. खालचे कुणासाठी आहेत?" आणि तळातून काढलेल्या तिसऱ्या झाकणाला बोल्टच्या जागेपाशी चीर निघाली. ट्रक दोन तास थांबला. साहेब आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत, तिला त्याचं काही नव्हतं.

मी टेबलावर फार टिकले नाही. थोडंफार इंग्रजी यायचं, टायपिंग शिकले होते, म्हणून मला क्वालिटीच्या कागदपत्रांवर घेतलं. माल ती बघायची, कागद मी. ग्राहकाकडून खराब भाग परत आला की आमच्याकडे एक फॉर्म भरतात: काय निसटलं, कसं निसटलं, कोणाच्या हातून, पुढे काय करणार. मी लिहायचे, ती सही करायची, आणि ठरलेलं सगळं झालं की शेवटची सही करून तक्रार मी बंद करायचे. सुरुवातीला एकदा मी चुकीचं नाव लिहिलं आणि ते खोडलं, तर तिनं सही करायला नकार दिला. "खोडायचं नसतं गं. लिहिलेलं राहू दे. चुकलं असेल तर खाली नवीन ओळ लिही आणि सही कर, म्हणजे आधी काय होतं तेही दिसतं." मग तोच आमच्या सेक्शनचा नियम झाला.

आता मुद्द्यावर येते. चार वर्षांपूर्वी कंपनीनं आरोग्य शिबिर भरवलं. रक्त, डोळे, बीपी, आणि चाळिशीच्या पुढच्यांना पोटाची सोनोग्राफी. दहा दिवसांनी खाकी पाकिटांचा गठ्ठा माझ्या टेबलावर आला, वाटायचं काम माझं. प्रत्येक पाकिटात वर एक पान, त्यात सगळ्या तपासण्यांची एकेक ओळ, आणि मागे स्टेपल केलेलं सोनोग्राफीचं सविस्तर पान. माझ्या वरच्या पानावर लिहिलं होतं, डावी किडनी: सिस्ट. मी जन्माची भित्री. त्याच खुर्चीत बसून मोबाइलवर शोधलं, आणि मोबाइल काय, तो माणसाला चार मिनिटांत स्मशानात नेऊन ठेवतो. तीन दिवस मला जेवण गेलं नाही. घरी कुणाला काही सांगितलं नाही, पण नवऱ्याला कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या की भात होतो ते शिकवायला घेतलं. चौथ्या दिवशी बसमध्ये शोभाताईनं माझा चेहरा पाहिला आणि खोदून खोदून काढून घेतलं. "रड नंतर. आधी दाखवायला जाऊ," ती म्हणाली. अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती माझ्याबरोबर पिंपरीतल्या मूत्रविकाराच्या डॉक्टरांकडे आली.

ते डॉक्टर चांगले होते, घाईत नव्हते. त्यांनी दुसरं पान नीट वाचलं आणि पॅडवर एक गोल काढला. म्हणाले, "ही पाण्याची गाठ आहे. वय वाढतं तशी पुष्कळ जणांच्या किडनीवर होते, बहुतेकांना आयुष्यभर कळतही नाही. तुमची भिंत पातळ, आत स्वच्छ पाणी, दुसरं काही नाही. हिला साधी सिस्ट म्हणतात. औषध नको, ऑपरेशन नको." मग त्याच गोलाच्या आत त्यांनी दोन आडव्या रेषा मारल्या आणि कड पेनानं जाड केली. "अशी असती तर मी तुम्हाला सोडलं नसतं. आत पडदे, जाड भिंत, कुठं चुना साठलेला, किंवा पाण्याऐवजी मांसल भाग. मग सीटी स्कॅन करून बघावंच लागतं. त्यातही सगळ्या वाईट नसतात, पण न बघता सांगता येत नाही. आणि दोन्ही किडन्यांवर खूप गाठी असतील, घरात आईवडिलांना तसं असेल, तर तो वेगळा आजार." शोभाताई माझ्या शेजारी बसून सगळं ऐकत होती. म्हणाली, "म्हणजे आमच्या ब्लो होलसारखंच की, डॉक्टर. कडा कशी, आत काय." डॉक्टरांना ब्लो होल म्हणजे काय ते सांगावं लागलं, आणि ते मनापासून हसले. निघताना त्यांनी मला सांगितलं की कुशीत दुखत राहिलं, थंडी वाजून ताप आला, लघवीत लाल दिसलं किंवा बीपी अचानक वाढलं, तर लगेच यायचं. एरवी काही नाही, फार तर मनाच्या समाधानासाठी दोनेक वर्षांनी एकदा सोनोग्राफी करा.

बाहेर आल्यावर मला भयंकर भूक लागली. समोरच्या टपरीवर आम्ही वडापाव घेतला. मी दुसरा खात होते तेव्हा ती सहज म्हणाली, "माझ्यात पण तेच लिहिलंय. उजवी किडनी, सिस्ट." माझा घास थांबला असेल एखादा क्षण, फार नाही. मी म्हणाले, "अगं मग आत असतानाच दाखवायचं ना." पाकीट तिच्या पिशवीत होतं, डब्याच्या खाली. ती म्हणाली, "कशाला परत फी? एकाच दिवशी काढलेलं, एकाच मशीनवर, शब्दही तोच. तुझी पास झाली, म्हणजे लॉट पास." आणि हसली. मी पण हसले. म्हणाले, "हो गं. डॉक्टर म्हणाले ना, काही नसतं."

डॉक्टरांचं दार तिथून वीस पावलांवर होतं. तिला इंग्रजी जेमतेम वाचता यायचं. मला येतं, कागद वाचण्याचाच मला पगार मिळतो. हात पुढे करून "दाखव" म्हणायला किती वेळ लागला असता… पण मला त्या वेळी फक्त एवढंच कळत होतं की मी मरणार नाही. त्या आनंदात मी दुसऱ्या कुणाचा कागद उघडणार नव्हते. आणि जिनं सत्तावीस वर्षं कधी वरचा नग उचलला नाही, तिनं स्वतःच्या बाबतीत वरचा एकच नग बघितला. तो नग मी होते.

पुढची पावणेतीन वर्षं काहीच झालं नाही, आणि हेच मला सगळ्यात भीतिदायक वाटतं. आम्ही बसमध्ये शेजारी बसलो, डबे वाटून खाल्ले, प्रज्ञा इंजिनिअर होऊन हिंजवडीत नोकरीला लागली त्याचे पेढे खाल्ले. मग एका सकाळी बस मोशीच्या सिग्नलला उभी असताना ताई माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "दोन-तीनदा लघवीला लाल झालं गं. बीट खाल्लं होतं म्हणून असेल." मी विचारलं, कधीपासून. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "झाला असेल महिना." महिनाभर कुणी रोज बीट खात नाही. मला डॉक्टरांची ती यादी तोंडपाठ होती, माझ्यासाठी पाठ केलेली. त्याच दिवशी मी तिला ओढत नेलं. प्रज्ञाही कामावरून परस्पर आली.

डॉक्टरांनी जुने कागद मागितले. ताईनं पिशवीतून तेच खाकी पाकीट काढलं, स्टेपलची पिनही जागची हललेली नव्हती. त्यांनी वरचं पान उलटलं आणि दुसरं वाचायला लागले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. बघता बघता त्यांनी चष्मा काढला. "यात लिहिलंय की आत पडदे आहेत, एका बाजूची भिंत जाड आहे, सीटी करून घ्यावा. हे तेव्हा कुणाला दाखवलं नाही?" प्रज्ञा आईकडे बघत होती. मी समोरच्या भिंतीवरच्या किडनीच्या चित्राकडे बघत होते, आणि मला बोलायचं होतं, शप्पथ, तोंडाशी आलं होतं. ताई म्हणाली, "माझ्याकडून राहिलं." डॉक्टर सीटीची चिठ्ठी लिहायला लागले. मी बोललेच नाही.

सीटीत गाठ मोठी आणि मांसल निघाली. किडनी काढली. दोन महिन्यांनी ती टेबलावर परत आली, स्टूल घेऊन बसायची पण हात तळाशीच जायचा. मग खोकला सुरू झाला आणि फुप्फुसात ठिपके दिसले. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. मधे एकदा मी एकटीच त्या डॉक्टरांकडे गेले आणि विचारलं, तेव्हाच आलो असतो तर? त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. म्हणाले, "खोटं बोलणार नाही. तेव्हा लहान असताना काढली असती तर कदाचित एवढ्यावर भागलं असतं. कदाचित. अशा काही गाठी वर्षानुवर्षं शांत असतात, काही नसतात. तेव्हा बघितलंच नाही, म्हणून आज सांगता येत नाही." एखाद्यानं मला दोष दिला असता तर बरं झालं असतं. हे 'कदाचित' घेऊन मी बाहेर आले, आणि ते अजून माझ्याकडेच आहे.

त्या काळात माझं काय चाललं होतं ते सांगायला लाज वाटते. ताई आजारी, आणि मी रोज सकाळी बाथरूमचा मोठा दिवा लावून लघवीचा रंग बघत होते. डाव्या कुशीत कळ आली की हात तिथंच. पण फेरतपासणीला जायचं नाव काढत नव्हते. आधी न बोलावता धावत गेलेली मी आता पाय उचलत नव्हते. एवढंच काय, तिला भेटायला जाताना प्रज्ञा घरी नसेल अशी वेळ बघून जायचे. आज ती विचारेल, असं प्रत्येक वेळी वाटायचं. एकदा ताई एकटी होती, उशीला टेकून बसलेली. मी धीर करून सुरुवात केली, "ताई, त्या दिवशी टपरीवर मी…" तिनं मला पुढे बोलूच दिलं नाही. "तुझी सोनोग्राफी केली का परत?" मी म्हणाले, करते. "करते म्हणजे न्हाई. ओळखते मी तुला, अनिता." मग म्हणाली, "ऑफिसातून एक कोरा फॉर्म आण गं. तक्रारीचा." मला वाटलं, टेबलावर आलेल्या नव्या मुलीला शिकवायला हवा असेल, किंवा नुसतंच मन रमवायला. मी नेऊन दिला आणि विसरून गेले.

ताईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी कासारवाडीच्या त्यांच्या घरात दाटी होती. वंदना झाली, जेवणं झाली, माणसं पांगली. मी भांडी आवरत होते तेव्हा प्रज्ञा स्वयंपाकघरात आली आणि माझ्या हातात ते खाकी पाकीट ठेवलं. "आईनं तुझ्यासाठी ठेवलंय." आत रिपोर्टची दोन्ही पानं होती. दुसऱ्या पानावर, सीटी करून घ्यावा या ओळीभोवती, पिवळा गोल. आणि खाली आमचा फॉर्म, तिच्या थरथरत्या अक्षरात भरलेला. काय निसटलं: दुसरं पान. कसं निसटलं: वरचा एकच बघून लॉट पास केला. कोणाच्या हातून: शोभा गायकवाड, तपासणी. पुढे काय करणार: सेक्शनमधल्या सगळ्यांच्या रिपोर्टची दोन्ही पानं वाचणे. अनिताची फेरतपासणी, ताबडतोब. खाली सही. कागदपत्रांच्या सहीची, म्हणजे माझ्या सहीची, जागा कोरी.

मी ओट्याला टेकून उभी होते. प्रज्ञा म्हणाली, "त्या दिवशीचं सगळं तिनं मला ऑपरेशनच्या आधीच सांगितलं होतं, मावशी. वडापावपासून." मी तिच्याकडे बघू शकले नाही. "तुझं नाव घालायचं नाही म्हणाली. मी म्हटलं होतं, घाल." ती ओरडून बोलली नाही, रडलीही नाही. ताटांवरून फडकं फिरवत राहिली. मी "येते" म्हणून निघाले, आणि स्टेशनपर्यंत चालत गेले, का ते आठवत नाही, मला गाडीनं कुठंच जायचं नव्हतं.

दुसऱ्या सोमवारपासून मी जेवणाच्या सुट्टीत रिपोर्ट वाचायला बसले. बायका घरून पाकिटं शोधून आणायच्या. काहींनी ती रॉकेलच्या जुन्या डब्यामागे, काहींनी पोरांच्या वह्यांत ठेवलेली. पहिल्या दिवशी चौघी आल्या, मग रांग लागली, मग मशीन शॉपमधले बापयेही लाजत लाजत यायला लागले. "मॅडम, जरा बघता का, मागचं पान." बहुतेकांचं काही नव्हतं. दोघांच्या साध्या सिस्ट होत्या, त्यांना डॉक्टरांनी मला सांगितलेली यादी लिहून दिली आणि घाबरू नका म्हणून सांगितलं, हे मी सांगत होते, मी. पॅकिंगमधल्या एकीच्या दुसऱ्या पानावर पातळ पडद्याची ओळ होती. तिच्याबरोबर मी दवाखान्यात गेले, सीटी झाला, काळजीचं काही नाही, वर्षानं परत बघू, असं निघालं. ती बाहेर येऊन माझ्या गळ्यात पडली आणि मी तिच्या खांद्यावरून त्या टपरीकडे बघत राहिले. तिथं आता मोबाइलची कव्हरं विकतात.

माझी स्वतःची तपासणी मात्र मी ढकलत होते. शेवटी प्रज्ञाचा मेसेज आला, "शनिवारी मी येते." विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. सोनोग्राफीच्या टेबलावर पोटाला ते गार जेल लागलं आणि माझे दात वाजायला लागले. डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघत होत्या, मशीन फिरवत, थांबत, परत फिरवत. मला वाटत होतं, ताईच्या पोटावरून मशीन फिरलं तेव्हाही असंच कुणीतरी थांबलं असेल, नीट बघितलं असेल, प्रामाणिकपणे लिहिलं असेल. लिहिणाऱ्यानं त्याचं काम केलं होतं. शेवटी बाई म्हणाल्या, "साधीच आहे. थोडी वाढलीय, वयानं वाढते. निवांत राहा." रिपोर्ट हातात आल्यावर मी तो वाचला आणि पान उलटलं. मागची बाजू कोरी होती. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काय शोधताय, काकू?" मी म्हणाले, दुसरं पान. "तुमचं एकच आहे." बाहेर प्रज्ञाला दिला. तिनं पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचला, आणि मग तिनंही पान उलटून बघितलं. घडी घालून परत दिला. मग मला रिक्षापर्यंत सोडायला आली.

गेल्या सोमवारी मी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी ताईच्या टेबलाशी गेले. तिथं आता नवीन मुलगी बसते, अजून आली नव्हती. ड्रॉवरमध्ये पिवळा मार्कर तसाच आहे, झाकणावर तिच्या दातांच्या खुणा. मी फॉर्म पुढे घेतला. पुढे काय करणार, त्यातली दोन्ही कामं झाली होती, म्हणजे नियमानं मी सही करून तक्रार बंद करायची होती. पण 'कोणाच्या हातून' या ओळीवर माझी सही होईना. ते नाव खोडावं असं फार वाटलं. खोडायचं नसतं. मग मी तिच्या नावाच्या खाली नवीन ओळ लिहिली: अनिता जाधव, कागद. त्याच्यापुढे सही केली, तारीख घातली. हात थरथरत होता, त्यामुळे दोन्ही ओळी एकाच बाईनं लिहिल्यासारख्या दिसतात. त्याचा फोटो काढून प्रज्ञाला पाठवला आणि फॉर्म मार्करच्या खाली ठेवला.

दिवसभर फोन बघत होते. उत्तर आलं ते परतीच्या बसमध्ये, खिडकीशेजारच्या जागेवर माझी पिशवी ठेवलेली होती तेव्हा. एकच शब्द होता, तिची आई प्रत्येक क्रेटच्या चिठ्ठीवर लिहायची तो. 'बघितलं.'